रिकाम्या खाटा

फार जुनी गोष्ट. एका डोंगरावर देवीचे देऊळ होते आणि देवळाला लागूनच एक धर्मार्थ दवाखाना. तो देवळाच्या मठातल्या गुरुमाय चालवत आणि एक वैद्यबुवा तिथे रोग्यांची सेवा करत. देवीच्या दारातून कुणी दुखणे घेऊन परत जाऊ नये, एवढेच त्यांना ठाऊक होते.

एका पावसाळ्यात खालच्या वाडीतली चंद्रभागा कुंभारीण आपल्या लेकीला हगवण लागली म्हणून घेऊन आली. बुवांनी औषध दिले, पोर बरी झाली. पंधरा दिवसांनी ती पुन्हा आली. महिनाभराने तिसऱ्यांदा आली, तेव्हा पोरीचे डोळे खोल गेले होते.

"बुवा, तुमच्या औषधाला गुण आहे," चंद्रभागा म्हणाली. "मग माझी पोर पुन्हा पुन्हा आजारी का पडते?"

बुवांनी पोथ्या चाळल्या, देवीपुढे हात जोडले, पण मनातला गोंधळ काही मिटेना. पोर कशीबशी वाचली, तेव्हा तिला पोचवायला ते स्वतः वाडीत उतरले. इतक्या वर्षांत ते तिथे कधी गेलेच नव्हते.

वाडी ओढ्याचे पाणी पीत होती. ते पाणी येते कुठून हे पाहायला बुवा ओढ्याच्या काठाने वर चढू लागले आणि चालता चालता दवाखान्याच्या मागच्या बाजूला येऊन पोचले. तिथे रोग्यांची चिरगुटे धुतली जात होती. ते सगळे पाणी ओढ्यात उतरत होते. बुवा तसेच मठाकडे निघाले.

त्यांनी गुरुमायना सगळे सांगितले. चिरगुटे धुण्यासाठी ओढ्यापासून दूर खड्डा खणायचा आणि वाडीसाठी कठड्याची विहीर बांधायची, असे बुवांच्या मनात होते. पण चिरे कुठून आणायचे? अंगणात चिऱ्यांची रास होती खरी. मात्र ते एका व्यापाऱ्याने वडिलांच्या नावाने दवाखान्याची नवी ओवरी बांधायला दिले होते. व्यापारी ऐकून चक्रावला. दान देवीच्या दवाखान्याला दिले, ते वाडीच्या विहिरीला कसे लावता, असे तो विचारू लागला. भक्तांनाही काही उमजेना.

गुरुमाय म्हणाल्या, "बरोबर काय, ते मलाही नीट कळत नाही. पण आपणच आजारी पाडायचं आणि आपणच खाट द्यायची, याला सेवा म्हणायला माझी जीभ रेटत नाही. चिरे खाली न्या."

खड्डा झाला, विहीरही झाली. व्यापारी मात्र रुसून देवळाची पायरी चढेनासा झाला.

पुढच्या पावसाळ्यात दवाखान्यात कुणी फिरकेना. खाटा रिकाम्या पडल्या. बुवांच्या हाताचा गुण गेला, देवी कोपली, अशी कुजबुज सुरू झाली. बुवाही बावरले. सकाळी उठून औषधे कुटायची आणि दिवसभर दाराकडे बघत बसायचे. आपण चांगले केले की देवीचा दवाखाना बुडवला, हेच त्यांना कळेना.

श्रावणातल्या एका सकाळी चंद्रभागा लेकीचा हात धरून दारात उभी राहिली. बुवा लगबगीने उठले.

"काय होतंय हिला?"

"काही नाही."

"मग तुला बरं नाही का?"

"मी बरी आहे, बुवा."

"मग वाडीत कोण आजारी आहे?"

"कुणीच नाही," चंद्रभागा म्हणाली. "देवीला आलो होतो. म्हटलं, तुम्हालाही भेटून जावं."

बुवा गोंधळून तिच्याकडे बघत राहिले. दुखणे नसताना त्या दारात आजवर कुणी आलेच नव्हते. सवयीने त्यांनी पोरीची नाडी पाहिली. ती संथ, भरलेली लागत होती. मागच्या रिकाम्या खाटांकडे त्यांनी एकदा वळून पाहिले, आणि त्यांचे डोळे भरून आले. पोरीचा हात त्यांनी बराच वेळ सोडला नाही.

तात्पर्य इतकेच: आलेल्या रोग्याला बरे करणे ही देवाची सेवा आहेच, पण त्याच्या दारापर्यंत उतरून, तो रोगी का होतो हे पाहणे, ही त्याहून मोठी सेवा.