हत्तीवेस, गाता मंडप आणि सात मजली बारव

एका राज्यात एक नगरी होती, इतकी जुनी की तिचं वय शोधायला निघालेला माणूस म्हातारा होऊन परत येई. त्या नगरीत तीन वास्तू होत्या. पहिली हत्तीवेस. तिच्या माथ्यावर एकच आडवी शिळा, सत्तर बैलांना न हलणारी, आणि दोन अंगांना दोन दगडी हत्ती. दुसरा गाता मंडप. खांबाला बोट टेकवलं की खांब गाई. छप्पन्न खांब, छप्पन्न सूर. तिसरी सात मजली बारव. तिचं पाणी कधी आटलं नाही, कधी गढुळलं नाही.

देशोदेशीचे लोक त्या पाहायला येत. पडशीत भाकरी बांधून येत, मान दुखेपर्यंत वर पाहत, बारवेचं पाणी पीत आणि निघताना एकच विचारत, "हे बांधलं कुणी?"

नगरीचे लोक सांगत, "ठाऊक नाही बाबा. आमच्या आधी माणसं होती, त्यांनी."

उत्तर खरं होतं. आणि खऱ्या उत्तराची लाज वाटते ती फक्त राजांना.

त्या राजाचं नाव भानुकीर्ती. एकदा शेजारचा राजा पाहुणा आला, तिन्ही वास्तू पाहून त्याने तोंडात बोट घातलं, आणि हेच उत्तर ऐकून खो खो हसला. "वा! घर कुणी बांधलं ते घरधन्यालाच ठाऊक नाही!" भानुकीर्तीच्या कानाच्या पाळ्या तापल्या. पाहुण्याची धूळ खाली बसायच्या आत त्याने पाथरवट बोलावले. तीन दिवस टाक्या वाजल्या. तिन्ही वास्तूंवर हातभर उंचीची अक्षरं उमटली: हे भानुकीर्ती राजाने बांधिले.

चौथ्या दिवशी धूम्रा आली. धूम्रा म्हणजे सात डोंगरांपलीकडची मांत्रिकीण. तिने फुंकलं तर नदी उलटी वाहे. पण त्या दिवशी तिला कुणाचं वाईट करायचं नव्हतं. चार लोकांसारखी तीही वास्तू पाहायला आली होती. तिने लेख वाचला, आणि काठी टेकत सरळ दरबारात गेली.

"राजा, वेस कुणी बांधली?"

"मी."

"मंडप?"

"मी."

"आणि बारव?"

"कितीदा सांगू? मीच!"

"बरं," धूम्रा म्हणाली. "दगडाला तू आपला म्हणालास. आता दगड तुला आपला म्हणेल."

राजाच्या पायाची नखं काळ्या पाषाणाची झाली.

"रोज हातभर दगड वर चढेल. डोक्यापर्यंत पोचला की तू या नगरीची चौथी वास्तू. लोक येतील, पाहतील. डोक्यावर पारवे बसतील."

राजाने खाली वाकून नखं चाचपली. "उपाय?"

"ज्यांनी केलं त्यांचे आभार मान. तुझ्या तोंडाने. तिन्ही ठिकाणांहून 'पोचलं' असा शब्द आला पाहिजे." एवढं बोलून ती गेली. जाताना बारवेचं पाणी प्यायली, कारण ऊन फार होतं.

प्रधानाने लगेच दवंडी पिटवली. चौकाचौकात नगारे लागले, "सर्व करणाऱ्यांचे आभार हो!" दगड तेवढ्यात घोट्यापर्यंत आला. आभार म्हणजे का पालखी आहे, चार भोई लावले की निघाली?

तेव्हा राजाजवळ भिवरा आली. भिवरा ही राजाची दूधआई. राजाची जन्मदाती बाळंतपणातच गेली, तेव्हा ज्या ओल्या बाळंतिणीला घरातून उचलून राजवाड्यात आणलं होतं, तीच ही. अख्ख्या राज्यात राजाला 'अरे' म्हणणारी ती एकटी.

"भानू, खोटं बोललास ना?"

"बोललो, भिवराई."

"तीनदा?"

"तीनदा."

"लहानपणी एकदा बोललास की मी कान पिळायची. तीनदाचा हिशेब धूम्रेने केला. आता डोळे पूस. मी शोधते."

हत्तीवेशीच्या कोनाड्यात एक म्हातारा पारवा राहत असे, एका पायाला दोनच बोटं. भिवराने खाली उभं राहून हाक मारली, "ओ पारवेबुवा! ही वेस कुणी बांधली?"

पारवा म्हणाला, "आमच्या चाळीस पिढ्या या कोनाड्यात गेल्या. आजवर आम्हाला कुणी विचारलं नाही. माणसं माणसांनाच विचारतात, आणि माणसांना काय ठाऊक असतं?"

"टोमणे नंतर मारा. लेकरू दगड होतंय माझं."

पारवा खाली उतरला. "हत्ती दोन दिसतात, पण होती एकच. हत्तीण. चंपाकळी. बैलांना शिळा हलेना, तेव्हा हिने खांदा लावला. तेव्हाच ती म्हातारी होती, दात झिजलेले. शिळा बसली, आणि चंपाकळी बसली ती उठली नाही. उंबऱ्याखाली आहे ती."

"तिला काय आवडायचं?"

"ऊस. पण सोललेला. दात कुठे होते तिला? आणि त्या घाईत सोलून देणार कोण?"

दुसऱ्या सकाळी राजाला बैलगाडीतून वेशीपाशी आणलं. दगड गुडघ्यांवर आला होता. भिवराने त्याच्या मांडीवर उसाची मोळी टाकली.

"सोल."

"कोयता?"

"दातांनी. चाकर सोलतील ते तिचं होणार नाही."

ज्या राजाने जन्मात डाळिंब सोललं नव्हतं, तो दातांनी ऊस सोलू लागला. ओठ फाटले, बोटं कापली. दुपार कलली तेव्हा ताटभर कांडकी झाली. ती त्याने दगडी हत्तीपुढे धरली.

"चंपाकळी, तीस वर्षं मी तुझ्या खांद्याखालून येतो-जातो आहे. एकदाही वर पाहिलं नाही. तुझ्यामुळे माझ्या डोक्यावर शिळा पडली नाही. हे तुझं."

दगडी सोंड खाली आली आणि कांडकी घेऊन वर गेली. उंबऱ्याखालून घर्र आवाज आला, "पोचलं." वेशीवरची अक्षरं वाळल्या खपल्यांसारखी गळून पडली.

दगड मात्र चढतच राहिला.

"मंडप कुणी केला?" भिवराने पारव्याला विचारलं.

"दौलू पाथरवटाने. जन्माचा बहिरा."

"बहिरा? आणि छप्पन्न सूर?"

"दातांनी ऐकायचा तो. खांबाला दात टेकवायचा आणि बोटाने वाजवायचा. सूर जमला की हसायचा, चुकला की पुन्हा टाकी. लोक त्याला येडा म्हणायचे. मंडप झाला तेव्हा लोकांनी टाळ्या पिटल्या, पण त्या त्याला ऐकू आल्या नाहीत. आला तसा घरी गेला."

राजाला मंडपात नेलं तेव्हा दगड छातीला भिडला होता. हात पाषाणाचे होऊन अंगालगत चिकटले होते. चौघांनी त्याला धोंड्यासारखा उचलून खांबाशी उभा केला. सारी नगरी बघायला लोटली होती, परगावचे पाहुणेही होते. राजाने तोंड उघडलं आणि खांबाला दात लावले.

मागून कुणी फिस्सकन हसलं. मग दुसरं हसलं.

भिवरा गर्रकन वळली. "हसा! दात तुम्हालाही आहेत, पण दौलूला दातांनी दगडात सूर सापडला, तुम्हाला काय सापडलं?"

राजा दगडातच बोलला. काय बोलला ते बाहेर कुणाला ऐकू आलं नाही, कारण ते बाहेरच्यांसाठी नव्हतं. पण तो बराच वेळ बोलला, आणि त्याच्या डोळ्यांतलं पाणी खांबावरून खाली गेलं. मग छप्पन्न खांब एकदम वाजले. कानांना काही ऐकू आलं नाही, पण उभ्या माणसांचे दात झिणझिणले, आणि प्रत्येकाला आपापल्या दातांतून कळलं, "पोचलं."

अक्षरं गळाली. दगड गळ्याशी आला.

"आता बारव," भिवरा म्हणाली.

"ते मला विचारू नकोस," पारवा म्हणाला. "आम्ही उजेडाची पाखरं. तळाशी कासव आहे, त्याला विचार. आणि पळ. फार तर एक दिवस आहे."

बारवेच्या पहिल्या पायरीवर एक बाई पाहुण्यांना बारव दाखवत होती. तिचं नाव गजरा. ही भिवराची पोटची लेक, राजाहून दहा दिवसांनी मोठी. मायलेकींचं बोलणं सणासुदीपुरतं, तेही तुटक.

"वाट सोड, गजरा. खाली जायचंय."

"राजवाड्याचं काम असेल," गजरा म्हणाली, आणि बाजूला झाली.

भिवरा सात मजले उतरली. तळाशी घंगाळाएवढं कासव पाण्यावर डोळे मिटून होतं. ती त्याच्यापुढे पायरीवर बसली.

"बाबा, ही बारव कुणी खणली?"

कासवाने एक डोळा उघडला. "बारा वर्षांचा दुष्काळ पडला होता. बाप्ये पाण्याच्या शोधात परमुलखात गेले. मागे बायका राहिल्या. त्यांनी खणली. पाट्या डोक्यावर, माती वर, दगड खाली."

"मग त्या बायकांचे आभार मानायचे."

"त्यांचे मानून झाले. त्या पाणी प्यायल्या, त्यांना पोचलं." कासवाने दुसरा डोळा उघडला. "खणताना त्यांनी आपली तान्ही पोरं काठावर फडक्यात ठेवली होती. पोरं भुकेने टाहो फोडत. आया खणत राहत. थांबल्या असत्या तर बारव झाली नसती. त्या पोरांनी आपलं दूध या पाण्याला दिलं, आणि कुणी त्यांना विचारून घेतलं नव्हतं. त्यांचं राहिलंय."

"ती पोरं जाऊन हजार वर्षं झाली. 'पोचलं' कोण म्हणणार?"

"ज्याच्या तोंडचं दूध दुसऱ्यासाठी काढून घेतलं, असं कुणी आजही जिवंत असेल तर त्याने म्हणावं. तो त्यांचाच भाऊ. त्यांचीच बहीण."

भिवराने ओंजळीत पाणी घेतलं, पण ते ओठांना लावलं नाही. मग एकेक पायरी चढून वर आली.

गजरा एकटीच होती. भिवरा तिच्यापुढे उभी राहिली. राजाला दातांनी ऊस सोलायला लावणारी बाई, तिला तोंड उघडता येईना.

"बोल की," गजरा म्हणाली.

"तू दहा दिवसांची होतीस. शिपाई आले. राजाज्ञा होती."

"ठाऊक आहे."

"ते निम्मंच खरं. तुला संगती आणू का, असं मी विचारू शकले असते. विचारलं नाही. नंतर त्याचा मला तोराही चढला. राजाला मी वाढवला म्हणून गावभर मिरवले. तुला कुणी वाढवलं, ते कुणी विचारलं की मी विषय बदलायची."

गजराचा आवाज तोच. "आज का सांगतेस?"

भिवराने कासवाचं बोलणं सांगितलं. "तू 'पोचलं' म्हणालीस तर तो वाचेल. नाही म्हणालीस तर मी तुला बोल लावणार नाही. देवाशप्पथ."

"आण त्याला," गजरा म्हणाली. "खोटं 'पोचलं' मी म्हणणार नाही. ऐकून ठरवीन."

राजाला बारवेच्या काठावर आणलं. हनुवटी पाषाणाची झाली होती, जीभ जड पडत चालली होती. प्रधानाने तोंडभर स्तुतीचं भाषण लिहून आणलं होतं. भिवराने ते बारवेच्या कठड्यावर ठेवलं आणि वाऱ्याने नेलं ते नेलं.

गजरा त्याच्यासमोर उभी राहिली.

"महाराज, माझं दूध तुम्ही प्यायलात."

"होय."

"कसं होतं?"

राजाला काहीही सांगता आलं असतं. अमृतासारखं, मधासारखं. राजे असंच सांगतात. दगड त्याच्या खालच्या ओठाला लागला.

"आठवत नाही," राजा म्हणाला. शब्द दगडावर दगड घासावा तसे निघाले. "काहीच आठवत नाही, गजरा. पण या अंगात जे हाड आहे, ते त्याचं आहे. तू रडलीस ते मी कधी ऐकलं नाही. आता… ऐकतो आहे. तुझे… आणि त्या पोरांचे… फार…"

ओठ मिटले. दगड नाकपुड्यांशी आला. भिवराने पदर तोंडात कोंबला, पण लेकीकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर ते मागणं झालं असतं.

गजराने दोन्ही हात त्याच्या पाषाणाच्या गालांना लावले.

"पोचलं," ती म्हणाली.

बारवेच्या तळातून एक आवाज वर आला. शेकडो तान्ही पोट भरल्यावर सुस्कारा टाकून झोपतात, तसा. पाणी सात मजले चढून काठाला लागलं. शेवटचा लेख पाण्यात विरघळला. राजाच्या अंगावरून पाषाण भुकटी होऊन उतरला, आणि तो ओल्या पायरीवर मट्टकन बसला. त्याचे तळवे तान्ह्या बाळासारखे गुलाबी आणि मऊ झाले होते.

त्याने दोन्ही बायकांच्या पायांशी वाकायला घेतलं. गजराने त्याला दंडाला धरून थांबवलं.

"इथे नको. मी काय वाऱ्यावर वाढले? कोष्टी आळीतल्या येसूमावशीने मला वाटीवाटीने पेज पाजली. स्वतःची चार पोरं असताना. अजून आहे ती. तिला आजवर कुणी आभाराचा चकार शब्द बोललेलं नाही. मीसुद्धा नाही."

"चल," भिवरा म्हणाली. तिने लेकीचा हात धरला. लेकीने तो सोडवून घेतला नाही.

तिघं निघाले. राजाला नव्या तळव्यांना खडे टोचत होते, तो "आई गं" करत चालला होता, आणि मागे अख्खी नगरी, आणि वर पारवा. कोष्टी आळीच्या टोकाला येसूमावशी ओट्यावर तांदूळ पाखडत बसली होती. सत्तरीची म्हातारी, डोळ्यांनी अधू. दारात एवढी पावलं वाजलेली ऐकून तिने सूप थांबवलंही नाही.

"कोण आहे ते आहे," ती म्हणाली, "आधी पाय धुऊन या."

राजाने रांजणातून पाणी घेतलं. आधी गजराच्या पायांवर घातलं, मग भिवराच्या, मग आपल्या.

त्या दिवसापासून त्या नगरीत कुणी पाहुणा विचारतो, हे कुणी बांधलं, तर त्याला बसवून घेतात आणि सगळं सांगतात, हत्तिणीपासून. वेळ लागतो. पाहुणेही थांबतात.

जसे त्या तिघांचे पाय खऱ्या दाराशी लागले, तसे तुमचे लागोत, आमचे लागोत, आणि सगळ्यांचे लागोत.