टायरांची भिंत

"पण वस्ताद, भिंतीला टायर बांधून कुणी शर्यत जिंकलंय का?"

संग्रामने विचारलं आणि हेल्मेट बॉनेटवर आपटलं. पोरगा वेगवान होता, देखणा होता, आणि दोन्ही गोष्टी त्याला चांगल्याच ठाऊक होत्या.

दौलतराव वस्ताद खाली बसून जुन्या टायरांना दोर आवळत होते. मोटारींच्या शर्यतीत एकेकाळी देशात पहिला आलेला हा गडी. पण पुढे त्यांनी एकच धोशा लावला. जिथं शर्यत, तिथं जायचं आणि आयोजकांना सांगायचं, "आधी ती उघडी भिंत झाका, मगच मी गाडीत बसतो."

आयोजक वैतागले. लोकांनी 'टायरवाला' नाव ठेवलं. वस्ताद असे बेरकी, की त्या नावाने हाक आली तर दुप्पट जोरात 'ओ' द्यायचे.

आता कोल्हापूरजवळच्या माळावर, या छोट्या ट्रॅकवर, ते पोरांना शिकवत. सगळ्यांना नाही. मनात भरेल त्यालाच.

"मला शिष्य करून घ्या," संग्राम म्हणाला. "तुमच्याशिवाय दुसऱ्या कुणाकडं मी जाणार नाही. पण वेग शिकवा. हे भ्यायचं नको."

"तू भीत न्हाईस?"

"अजिबात नाही."

"आरं वा!" वस्ताद खूश झाले. "मग जा. ते पुढचं वळण जोरात मारून ये."

वळणाच्या बाहेरच्या अंगाला दगडी भिंत होती, अजून उघडीच. संग्राम धुरळा उडवत गेला आणि आला. ब्रेक लागले तिथं रस्त्यावर काळे पट्टे उमटले होते. पट्टे सुरू झाले त्या जागी वस्तादांनी मूठभर चुना टाकला.

"याच्यापेक्षा उशिरा ब्रेक कुणी दाबून दाखवावा!" संग्राम म्हणाला.

"बरं. आता टायर उचल."

"मी ड्रायव्हर आहे वस्ताद, हमाल नाही."

वस्तादांनी एक टायर त्याच्या पायाशी लोटला. शेवटी संग्रामनं तो उचलला. मग दुसरा. उन्हं कलेपर्यंत दोघांनी मिळून सगळी भिंत झाकली. संग्रामचे हात काळे, तोंड काळं, नव्या जॅकेटची तर पार वाट लागलेली.

वस्तादांनी टायरांवर थाप मारली.

"माझा जोडीदार केरबा असल्याच उघड्या दगडावर आपटून गेला... लई हसरा माणूस. अजून आठवण येती."

संग्रामने शेवटच्या टायराचा दोर आणखी आवळला.

"चल, बस गाडीत," वस्ताद म्हणाले. "मघाशी मारलंस तस्संच वळण मार. जास्तीचं कायबी करू नकोस."

गाडी गेली. गाडी आली.

"तस्संच मारलं," संग्राम म्हणाला. "तसूभरही फरक नाही."

वस्तादांनी त्याचा हात धरला आणि वळणापाशी नेलं.

चुना मागेच राहिला होता. नवे काळे पट्टे त्याच्या कितीतरी पुढं, पार वळणाच्या तोंडाशी सुरू झाले होते.

संग्रामने चुन्याकडे पाहिलं. पट्ट्यांकडे पाहिलं. मग टायरांच्या भिंतीकडे पाहिलं. त्याचे कान लाल झाले.

"म्हणजे... मघाशी मी भ्यालो होतो?"

वस्तादांना हसू आवरेना. हसता हसता ते टायरावरच बसले.

"छे, छे! तू कशाला भितोस, वाघा? भ्याला त्यो तुझा पाय!"

आता संग्रामलाही हसू फुटलं. काळ्या तोंडात दात तेवढे चमकले. मग एकदम त्याला आठवलं, आपण इथं कशासाठी आलो होतो ते.

"वस्ताद... मग मला शिष्य करून घेणार की नाही?"

"पायाला घेतलं की," वस्ताद म्हणाले. "तुला यायचं आसंल, तर उद्यापासनं त्याच्या संगं ये."