एकसारखे खडे

“तयार घेऊ, का सुटे भाग आणून स्वतः जोडू? आज तुम्हीच सांगा, बुवा.”

केवलबुवांनी डोळे मिटले. ध्यानासाठी नव्हे, वैतागून. हाच प्रश्न सत्यजितनं दसऱ्याला विचारला होता आणि पाडव्यालाही. टेकडीवरच्या या देवळात ऐकायला महादेव आणि बुवा दोघेच. महादेव बोलत नाही, म्हणून दरवेळी हा प्रश्न बुवांच्या गळ्यात पडायचा.

“त्यो गेम खेळायचा कॉम्प्युटर न्हवं?”

“हो.”

“तयार घे.”

“तयार घेतला की आत काय कोंबलंय ते कळत नाही. वरून नुसते दिवे चमकतात. अडाणी माणसं घेतात तसला.”

“मग जोड.”

“जोडायला माझी ना नाही. पण दिवाळीला नवं ग्राफिक्स कार्ड येतंय. आत्ता जोडला तर दोन महिन्यांत जुना.”

“मग दिवाळीला जोड.”

“नवं आलेलं कार्ड शहाणा माणूस लगेच घेत नाही, बुवा...”

बुवांनी कपाळावर हात मारला.

पायरीवर सत्यजितचा धाकटा भाऊ रणजित बसला होता. शेजारी ठासून भरलेली बॅग. त्याला जहाजावर नोकरी लागली होती, आणि खालच्या फाट्यावर थांबणारी मुंबईची गाडी त्याला आजच गाठायची होती. आता वर्षभर तरी तो दिसणार नव्हता. जाण्याआधी पाया पडून या, म्हणून आईनं दोघांना इकडं पाठवलं होतं.

“आन् खेळायला गडी कोण?” बुवांनी विचारलं.

“हा, रण्या. लहानपणापासून ठरलंय आमचं. माझ्या पहिल्या पगारात घ्यायचा, आणि दोघांनी बसून खेळायचं.”

“पहिला पगार कवा झाला?”



“झाली की तीन वर्षं,” रणजित हसून म्हणाला. “मला कुठलाही चालला असता, बुवा. दादानं कॅबिनेट तेवढं आणलंय, काचेचं. आत काही नाही. आई त्यात लोकरीचे गुंडे ठेवते.”

“तुला काय कळतंय त्यातलं?” सत्यजित खेकसला.

बुवा उठले. मंडपाच्या फरशीवर गुराख्यांनी कधीकाळी वाघ-बकरीचा पट कोरला होता. पंच्याच्या टोकानं त्यांनी त्यावरची धूळ झटकली.

“जा, खडे आण. दोघं भाऊ एक डाव खेळा. मग सांगतो काय ते.”

सत्यजित ओढ्याकडं निघाला. चार पावलांवर थांबून त्यानं मागं पाहिलं.

“गोल आणू का चपटे?”

“आरं, कसलेबी आण!”

बुवांचा एवढा चढलेला आवाज त्या देवळानं क्वचितच ऐकला असेल.

बुवा आणि रणजित वाट बघत बसले. ऊन मंडपातून बाहेर सरकलं. शेवटी बुवांनी प्रसादाचे फुटाणे बकऱ्या म्हणून मांडले आणि वाघांच्या जागी सुपाऱ्या ठेवल्या. डाव सुरू झाला. बुवांनी एक बकरी खुशाल तोंडात टाकली आणि ते पकडले गेले. रणजित पोट धरून हसला.

मग तो ओढ्याकडं पाहत राहिला.

“मला हे दादानंच शिकवलंय. बाटलीची बुचं मांडून.”

बुवांनी पुढची चाल केली.

घाटातून हॉर्न ऐकू आला. रणजितनं बुवांच्या पायांवर डोकं ठेवलं आणि कठड्याशी जाऊन हाक मारली.

“दादा! गाडी आली!”

“आलो, आलो! दोनच राहिलेत!”

“राहू दे ते! ये ना वर!”

“आलोच!”

रणजित थोडा वेळ तिथंच घुटमळला. गाडी काही कोणासाठी थांबत नाही. त्यानं बॅग खांद्यावर टाकली आणि पायऱ्या उतरून पळत सुटला.

सत्यजित वर आला तो घामाघूम. शर्टाचा ओचा करून त्यात खडे आणले होते. धुतलेले, गुळगुळीत, एका मापाचे.

“बघा बुवा. एक तरी वेगळा काढून दाखवा. रण्या कुठाय?”

बुवांनी हात लांब करून खाली दाखवलं. लाल गाडी उसाच्या पलीकडं वळत होती.

“अहो, थांबवायचं ना त्याला!... मी आलोच होतो की! दोनच तर...”

तो कठड्याकडं धावला. ओच्यातले खडे फरशीभर पसरले.

बुवांनी उरलेले फुटाणे बाजूला सारले. एकेक खडा उचलून पंच्यानं पुसला आणि पटावर जागच्या जागी मांडला. सगळा पट भरेपर्यंत त्यांनी मान वर केली नाही.

“खडे झ्याक हायेत,” ते म्हणाले. “जा, आता गडी आण.”