काढ्यातली चौथी वस्तू

“...आणि चौथं काय घालता, आक्का?”

नागव्वा आक्का मठाच्या पानमळ्यात चुलीवर काढा ढवळत होत्या. कडुलिंब, करंज, लसूण. विड्याच्या पानांवर करपा पडला की याच काढ्याची फवारणी.

“तीनच,” आक्का म्हणाल्या.

रेवणसिद्धला पटलं नाही. शेतकी कॉलेजात पहिला आलेला मुलगा तो. दोन वर्षं आक्कांच्या हाताखाली शिकत होता. काढा तोच, माप तेच, तरी आक्कांचा मळा हिरवागार आणि त्याच्या वडिलांचा काळा पडत चाललेला. निम्म्या वेली गेल्याच होत्या. म्हातारी काहीतरी लपवते, हे त्याच्या डोक्यात पक्कं बसलं.

“मोरचूद घालता?”

“नाही.”

“मग ती कोपऱ्यातली वेल दरवेळी न फवारता का सोडता? तिच्यात काय आहे?”

“तूही एक सोडत जा. कितीदा सांगितलंय.”

आता हे काय उत्तर झालं? रेवणसिद्ध पाळत ठेवू लागला. सांगायला लाज वाटते, पण आक्कांनी पदर झटकला तरी खाली काय पडलं ते हा पोरगा वाकून बघायचा.

चौथ्या दिवशी सापडलं. छपराच्या वाशाआड खोचलेली कागदाची पुडी, आत बारीक काळपट भुकटी. आक्का इकडंतिकडं बघून ती काढायच्या, पाठमोऱ्या व्हायच्या आणि पुन्हा खोचून ठेवायच्या.

त्यानं ती पुडी लांबवली.

दहा दिवसांनी परत आला तो ताठ मानेनं.

“मळा वाचला, आक्का. राहिलेल्या सगळ्या वेलींना नवी पानं आलीत. काढ्यात ही घातली म्हणून.” उरलेली पुडी त्यानं त्यांच्यापुढं आपटली. “दोन वर्षं लपवलीत माझ्यापासून. माझा बाप रोज मेलेल्या वेली उपटत होता, तरी तुम्हाला दया आली नाही.” “उद्या गावातल्या अकरा मळ्यांना मी हेच औषध देणार आहे. शब्द दिलाय.”

आक्कांनी सगळं ऐकून घेतलं.

“तुमच्याकडं ऊन कसं पडलंय?”

“चांगलं. आठ दिवस ढग नाही. का?”

“एक वेल सोडली होतीस?”

“या वेळी सोडली. तुम्ही म्हणता म्हणून.”

“ती कशी आहे?”

“तिलाही... पानं आलीत.”

आक्कांनी पुडी उघडली. मठाच्या दारात स्वामी नाहीत ना, हे एकदा बघितलं. मग चिमूटभर भुकटी नाकाशी नेऊन जोरात ओढली आणि सणसणीत शिंकल्या.

तपकीर होती ती. मठात चालत नाही म्हणून दडवलेली.

चुलीवरचा काढा उतू जाऊ लागला तसा रेवणसिद्धनं जाळ मागं ओढला.

“मग मळा कशानं वाचला, आक्का?”

“उन्हानं असेल. ढग गेले की करपाही हटतो,” आक्का पदरानं नाक पुसत म्हणाल्या.

“आणि त्या अकरा जणांना... मी आता काय देऊ?”

“हा तीन वस्तूंचाच काढा दे,” आक्का म्हणाल्या. “आणि प्रत्येकाला एक वेल सोडायला सांग.”