उस्तादांनी मागितलेली मोटर

एकदा एका शेठने गावाबाहेरच्या माळावर यंत्रांचं घर बांधलं. त्याला हल्ली डेटा सेंटर म्हणतात. तुम्ही फोनवर लग्नाचे फोटो काढता आणि ते आकाशात कुठेतरी राहतात अशी तुमची समजूत असते. आकाशात काही राहत नाही. ते अशाच एखाद्या माळावर, रांगेने उभ्या केलेल्या लोखंडी कपाटांत राहतात. ही कपाटं दिवसरात्र वीज खातात आणि दिवसरात्र तापतात. त्यांना गार ठेवायला शेठने आठ मोठी शीतयंत्रं बसवली होती आणि त्यांना लागणारं पाणी माळाखालच्या तलावातून यायचं. दोन मोटरी ते वर खेचायच्या, छतावर त्याची वाफ व्हायची, संपलं. त्याच तलावाचं पाणी खालचं गाव पीत होतं.

यंत्रघर सांभाळणारा तरुण त्याच गावचा. वैशाखात तलाव निम्म्यावर आला, तशी त्याची बायको रोज बोलू लागली, "झाली का तुमच्या कपाटांची आंघोळ? आमच्या घागरीपुरतं काही उरलं असेल तर सांगा." आठही शीतयंत्रं जीव तोडून चालत होती, तरी कपाटं तापतच होती, आणि शेठ नववं मागवायच्या बेतात होता. शेवटी हा आपल्या उस्तादांना घेऊन आला. बर्फाच्या कारखान्यात हयात घालवलेला म्हातारा. तोंडाचा फटकळ, पण हवेची नाडी ओळखणारा. त्यांच्याच हाताखाली हा काम शिकला होता.

उस्ताद आत येऊन थोडा वेळ नुसते उभे राहिले. मग त्यांनी एका कपाटाच्या तोंडाशी पंजा धरला.

"काय रे, ही सगळी एकाच दिशेला तोंड करून का उभी आहेत?"

"पूर्वेला आहेत," चेला खाली बघत म्हणाला. "वास्तुवाल्यांनी शेठना सांगितलं होतं, यंत्रांची तोंडं उगवतीला पाहिजेत."

"म्हणजे पुढच्याच्या पाठीतून निघालेली गरम हवा मागच्याच्या तोंडात! पंगतीत पुढच्याचा ढेकर मागच्याच्या ताटात वाढल्यासारखं झालं. आणि तू काही बोलला नाहीस?"

"शेठपुढे काय बोलणार, उस्ताद?"

उस्तादांनी मग स्वतःच शेठला गाठून कपाटांच्या रांगा फिरवायला सांगितलं.

शेठने कुरकुर केली, पण नवव्या शीतयंत्रापेक्षा हे परवडलं. एकाआड एक रांग उलटी फिरवली. तोंडासमोर तोंड आलं, पाठीला पाठ आली. कपाटांमधल्या फटी पत्र्याने बुजवल्या. रांगांच्या टोकांना जाड प्लास्टिकचे पडदे सोडले. गार हवा एका बोळातून, गरम दुसऱ्या बोळातून. थंडी कमी कधीच नव्हती, तिला वाट नव्हती. महिन्याभरात तीन शीतयंत्रं बंद ठेवता आली आणि एकाच मोटरीवर सगळं भागू लागलं.

शेठ खूश झाला. "उस्ताद, मागा काय हवं ते."

"बंद ठेवलेली ती दुसरी मोटर द्या. पाइपासकट उखडून, खालचा चौथराही फोडून."

शेठ पोट धरून हसला. "या वयात भंगाराचं दुकान काढताय की काय?"

चेल्याची मान शरमेने खाली गेली. म्हाताऱ्याला ना शेत, ना विहीर. मोटर काय उशाला घेऊन झोपणार? आपला गुरू असा लोखंडाच्या तुकड्यासाठी हात पसरतो, हे त्याला बघवेना. तो घाईने म्हणाला, "शेठ, ते गमतीने म्हणतायत."

उस्तादांनी त्याच्याकडे एकवार पाहिलं, पिशवी उचलली आणि निघून गेले.

त्या वर्षी पाऊस बेताचाच झाला. दिवाळी आटोपल्यावर शेठ यंत्रघरात फेरी मारायला आला आणि बंद शीतयंत्रांसमोर थबकला. "ही तीन नुसती उभीच? मोटरही मोकळीच? अरे, मग जागा आहे की आपल्याकडे!" नवी कपाटं आली. तिन्ही शीतयंत्रं पुन्हा घरघरू लागली. दुसरी मोटर सुरू करायला सांगितलं, तेव्हा चेल्यानेच तिचा खटका दाबला. शेठपुढे काय बोलणार?

चैत्रात तलावाचा तळ दिसू लागला. गाव टँकरच्या रांगेत उभं राहिलं. त्याची बायको आता टोमणे मारत नव्हती. ती रिकामी घागर त्याच्यासमोर ठेवून आत निघून जायची.

तो उस्तादांकडे गेला आणि उंबऱ्यापाशीच बसला. "तुम्हाला मोटर कशाला हवी होती, ते आत्ता कळलं."

"आता कळून काय उपयोग?" उस्ताद म्हणाले. आवाजात राग नव्हता, तेच त्याला जास्त लागलं. "गाढवा, वाचवायला मी तुला शिकवलं, ते अर्धंच काम होतं. वाचलेली वस्तू हावऱ्याच्या नजरेसमोर मोकळी ठेवली की ती वाचत नाही. तिथे त्याची पुढची भूक येऊन बसते. पाणी तलावात राहावं असं वाटत असेल, तर ते खेचणारा हात तिथून काढावा लागतो. तलावाचा काठ गावाचा आहे; मोटर एकदा उखडली असती, तर नवी बसवायला शेठला गावापुढे उभं राहून विचारावं लागलं असतं. नाही म्हणायची तेवढी एक संधी मी गावासाठी मागत होतो. तू ती हसण्यावारी नेलीस."

"आता काय करू, उस्ताद?"

म्हातारा म्हणाला, "ते मला विचारू नकोस. मोटरीजवळ जाऊन बस जरा."

तो तलावावर गेला. दुसरी मोटर चिखल ओढत कण्हत होती. उस्तादांनी कपाटाच्या तोंडाशी धरला होता, तसाच त्याने तिच्यावर पंजा ठेवला. चटका बसला. त्या दिवशी शेठपुढे गिळलेला शब्द आता त्याच्या ओठांवर होता, पण तो ज्याच्यासाठी बोलायचा ते पाणीच समोर उरलं नव्हतं.

वर माळावर कपाटं मात्र अजून गार होती.