ठकूमायची पाठ

फार वर्षांपूर्वी, आपल्या पायतळवाडीत पहिली चूलही पेटली नव्हती, तेव्हा या समोरच्या घुमट्या डोंगराच्या पोटात बुटके राहायचे. उंची कमरेएवढी, हट्ट मात्र डोंगराएवढा. डोंगराला ते आई म्हणायचे. आणि असं म्हणतात, की आईला त्यांच्याइतकं कोणी छळलं नसेल!

त्यांची रीतच तशी. मूल जन्मलं, की बारशाला डोंगरात त्याच्या नावाचा कोनाडा कोरायचा. तेच त्याचं घर. माणूस मेलं तरी त्याचा कोनाडा रिकामाच ठेवायचा, दुसऱ्याने त्यात निजायचं नाही. पिढ्यान्‌पिढ्या हेच चाललं आणि डोंगराची पार चाळण झाली. छतातून माती गळायला लागली, तर हे म्हणतात, "आई लाडाने कुरवाळतेय." आता अशा शहाण्यांपुढे किती डोकं फोडायचं?

फोडलं ते ठकूमायने. ती त्यांच्यातली सगळ्यात म्हातारी, जिभेला धार. रोज करवादायची, "मुडद्यांनो, आई म्हणता ना? मग किती पोखराल तिला?" कोणी ऐकेल तर शपथ!

मग ठकूमायलाच पणती झाली. कोरायला भिंत उरली नव्हती. उरला होता मधला खांब, ज्याच्यावर अख्खा डोंगर तोललेला. बुटके वाजतगाजत छिन्न्या घेऊन तिथेच आले! ठकूमाय खांबाला पाठ लावून बसली.

"पोरीला माझा कोनाडा द्या."

पोरीचा बाप रडकुंडीला आला. "माय, कोनाडा सोडला त्याला डोंगरात घर नाही. तू कुठे राहशील?"

"इथेच. छिन्नी लावायची तर आधी माझ्या पाठीला लावा. आणि मेलेल्यांचे कोनाडे पोरांना द्या, गाढवांनो!"

पोरीला ठकूमायच्या कोनाड्यात निजवलं, तेव्हा कुठे म्हातारी गप्प झाली. उठली मात्र नाही. असं म्हणतात, की तिची पाठ खांबात मिसळून गेली आणि गळणारी माती थांबली.

बुटके आता दिसत नाहीत. पण पायतळवाडीत घराच्या मधल्या खांबाला कोणी खिळा ठोकत नाही. बारशाला घरातलं सगळ्यात म्हातारं माणूस आपली निजायची जागा बाळाला देतं, आणि मग सगळे मिळून खांबाला तेल चोळतात.

परवा आमच्या थोरल्याने कॅलेंडर अडकवायला त्याच खांबात खिळा ठोकला. इतकी वर्षं सांगतेय, ऐकतंय कोण! मीच उपटला तो, भोकात हळद भरली आणि विचारलं, "माय, फार लागलं का गं?"