खाजणातली धसकटं

“सुकलेलं राखायचं तरी कशासाठी, बाबा?”

त्र्यंबकच्या हातात उपटलेल्या गवताची पेंढी होती. पाय गुडघ्यापर्यंत चिखलाने माखलेले, कपाळावर चैत्राचा घाम.

सोमगीरबाबा मठीच्या ओट्यावर बसले होते.

त्र्यंबक देशावरचा. शेतकऱ्याच्या घरात वाढलेला आणि वर काशीला जाऊन चार शास्त्रं शिकलेला. त्यामुळे रानातलं काय नि पोथीतलं काय, सगळं आपल्याला कळतं, असा त्याचा पक्का समज होता.

भाद्रपदात तो दीक्षा मागायला खाडीकाठच्या या मठीत आला. बाबांनी त्याच्या हातात माळ दिली आणि समोरचं खाजण दाखवलं. भरतीचं खारं पाणी रोज आत-बाहेर करायचं, तरी गवत कमरेइतकं वाढलेलं, हिरवंगार.

“नाम घे आणि एवढं गवत राख. वर्षाने दीक्षा देईन.”

पुढे पाऊस सरला. ऊन तापलं, चिखलावर मिठाचा पांढरा थर धरू लागला. पौषात गवत पिवळं पडलं, फाल्गुनात त्याच्या नुसत्या काड्या उरल्या.

नामाचंही तेच झालं. ओठ हलायचे, आत काही हलायचं नाही. त्याला स्वतःचीच लाज वाटू लागली.

आज त्याने माळ खुंटीला अडकवली आणि बोचकं बांधलं. पण जाताना कामात कसूर राहायला नको. देशावर पेरणीआधी धसकटं वेचतात, तसं सकाळपासून त्याने अर्धं खाजण साफ केलं होतं. अगदी अंगणासारखं लख्ख.

“उरलेलं अर्धं उपटतो आणि निघतो. माझ्याच्याने होणार नाही, बाबा. गवतही मेलं... नामही...”



“थांब जरा,” बाबा म्हणाले. “अवस आहे. उधाणाचं पाणी येईल.”

दोघे बांधावर जाऊन बसले. पाणी आलं, गढूळ, तांबूस. साऱ्या खाजणावर चढलं, घटकाभर टेकलं. मग ओहोटी लागली.

वाळक्या काड्यांमधून पाणी निवळून बाहेर पडत होतं. काड्यांच्या बुडाशी मऊ गाळ राहिला होता. साफ केलेल्या अर्ध्यातून मात्र ते आलं होतं त्याहून गढूळ होऊन चाललं होतं. जाताना तिथली माती नेत होतं.

त्र्यंबक बघतच राहिला.

“हात घाल,” बाबा म्हणाले.

काड्यांखालच्या चिखलात त्याने कोपरापर्यंत हात घातला. आत मुळांचं दाट जाळं होतं, ओलं, घट्ट. त्यातून टोकदार कोंभ बोटांना टोचत होते.

“वर तर काहीच नव्हतं, बाबा...”

बाबांनी मागे बोट दाखवलं.

बांधावर सकाळच्या पेंढ्यांचा ढीग पडला होता. त्र्यंबकने त्यातली एक काडी उचलली. बुडाशी पांढरा कोंभ, अर्धा तुटलेला. दुसरी उचलली. तिलाही. त्याचे डोळे भरून आले.

“मी जितं गवत उपटलं.”

“हो.”

“आता...?”

पाणी उतरत होतं.

“जेवढं जगेल तेवढं परत रोवतो, बाबा.”

“रोव,” बाबा म्हणाले. “पण आधी हात धू... आणि खुंटीवरची माळ काढ.”